आईची पैठणी, आणि लक्ष्मी रोडला जायचं कसं?

बी-४०४: नमस्कार सोसायटीतली मंडळी. आईची एकसष्टी आहे, पैठणी घ्यायची आहे. लक्ष्मी रोडला जायचं म्हटलं की पार्किंगच्या विचारानेच नको होतं. कुणी ऑनलाइन पैठणी घेतली आहे का? खात्रीची साइट सुचवा प्लीज 🙏

डी-३०१: मी घेतली होती. फोटोत राणी कलर, हातात आली ती मरून. पण परत घेतली त्यांनी, काही कटकट नाही.

ए-५०३: दुकानात बिलावर छापलेलंच असतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'.

सी-१०२: ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. माझं दुकान लक्ष्मी रोडलाच आहे, म्हणून अशा चर्चेत मी मुद्दाम गप्प बसतो. आज लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पैठणी घेताना पदर आधी उलटा करून बघायचा. हातमागाची असेल तर मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. मशीनची असेल तर मागे धागे सुटलेले, नाहीतर कापलेले दिसतात. मोबाइलवर पदर उलटता येत नाही. आमच्याकडचे सेल्समन ३० वर्षं हेच दाखवतायत. गिऱ्हाईक पदर हातात घेऊन बघतं, समजून घेतं, फोटो काढतं, 'घरी विचारून येतो' म्हणतं आणि त्याच फोटोवरून दुसरीकडे मागवतं. पूर्वीही लोक चार दुकानं फिरायचे, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पाचव्या दुकानात का होईना, खरेदी याच रस्त्यावर व्हायची.

ए-५०३: काका, राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. दिवाळीत दोन मुलांना घेऊन आलो होतो. ४० मिनिटं जागा शोधत होतो. शेवटी हिला आणि मुलांना दुकानापाशी सोडलं आणि मी गाडी घेऊन नुसता फेऱ्या मारत बसलो. आम्ही काय हौसेने ऑनलाइन घेतो?

सी-१०२: तुझं अगदी खरं आहे रे. नुसत्या भावाचा प्रश्न असता तर झुंजलो असतो. गिऱ्हाईक दारापर्यंत पोचतच नाही, हे दुखणं आहे.

बस्त्याचं सांगतो. वडिलांच्या वेळी मुळशीहून, मावळातून, भोरहून जिपा भरून माणसं बस्ता बांधायला यायची. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या. सकाळी ११ ला गादीवर बसलेली मंडळी दिवेलागणीला उठायची. मधे दोनदा चहा, एखादा रुसवा. वरमाईच्या साडीपेक्षा मावशीची भारी दिसता कामा नये, हे वडिलांना कुणी सांगावं लागायचं नाही, ते गठ्ठ्यातून साडी काढतानाच ओळखायचे. एका बस्त्यावर शिंपी, बांगडीवाला, तुळशीबागेतला रुखवताचं सामान विकणारा, भांडीवाला, खानावळ, सगळ्यांचा दिवस निघायचा. आता ती जीप उभी कुठे करणार? एकेरी रस्ता, मागून हॉर्न. ड्रायव्हरच म्हणतो, हायवेला मोठं दालन आहे, तिकडे चला.

त्यात दोन घाव नेमके लग्नसराईवर बसले. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ ची, तुळशीचं लग्न तीन दिवसांवर. ठरलेले बस्ते लोकांनी पुढे ढकलले. नंतर २०२० चा पाडवा, २५ मार्च, तोच देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. उन्हाळ्याचा माल भरलेला, व्यापाऱ्यांची देणी अंगावर आणि शटर खाली. त्या काळात आमची रोजची गिऱ्हाइकं घरबसल्या मागवायला शिकली. त्यांना दोष कसा देऊ? तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

बी-२०२: मी फॉल-पिको करते, इथे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी तीन दुकानांतून रोज १५-२० साड्या यायच्या. आता आठवड्याला तेवढ्या आल्या तरी खूप. ऑनलाइनवाल्या बऱ्याच साड्या फॉल-पिको करूनच येतात. दुकानातलं गिऱ्हाईक कमी झालं की माझं मशीन थांबतं, एवढं सरळ आहे ते.

ए-१०१: काका, मुलगा दुकानात बसणार ना पुढे?

सी-१०२: नाही. तो हिंजवडीला नोकरीत आहे आणि मीच त्याला दुकानात ओढलं नाही. दुकान पागडीचं, वाडा मोडकळीला आलेला. पुनर्विकासाची बोलणी ६ वर्षं चालली आहेत. काम होईपर्यंत दुसरीकडे जा म्हणतात. पण आमच्या धंद्याने दोन-तीन वर्षं जागा सोडली तर गिऱ्हाईक परत येत नाही. शेजारच्या कापडवाल्यांनी गेल्या वर्षी जागा सोडली, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. माझ्याकडे ७ माणसं होती, आता ३ आहेत.

डी-३०१: मग रस्ता सरळ गाड्यांना बंदच करावा. पादचारी दिनाला करतात तसा.

सी-१०२: २०२१ पासून ११ डिसेंबरला नगरकर तालीम ते गरुड गणपती गाड्या बंद ठेवतात. पहिल्या वर्षी धंदा बुडेल म्हणून मीही विरोध केला होता. पण त्या दिवशी सत्तरीच्या बायका रस्त्याच्या मधून निवांत चालताना बघितल्या, त्यातल्या दोघी आमच्या पायरीवर टेकल्या आणि नंतर आत आल्या. माझं मत तिथे बदललं. मात्र एका दिवसाने काही होत नाही. बारा महिने करायचं तर आधी बस हवी, बाबू गेनूसारखी वाहनतळं पुरेशी हवीत आणि माल उतरवायला सकाळची वेळ हवी. हे न करता नुसती बॅरिकेड लावली तर आम्ही संपलो.

आणि ए-५०३, बिलावरची ती ओळ मी काढून टाकली आहे. घडी मोडलेली नसेल तर ७ दिवसांत साडी बदलून देतो. चूक आमचीही होती. दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवण्यात आम्ही फार वर्षं घालवली, आता दिवसभर उघडं असतं.

बी-४०४: काका, मी सहज विचारलं होतं, तुम्हाला लागलं असेल तर सॉरी. शनिवारी येते. पण गाडी आणायची की नाही?

सी-१०२: लागलं नाही ताई, विचारलंत म्हणून बोलता आलं. गाडी आणूच नका. वनाजहून मेट्रोत बसा, जिल्हा न्यायालयाला बदला, तिथून कसबा पेठ आणि पुढचं मंडई. तुळशीबागेतून चालत आलात की पोचलात. आईंना चालवत नसेल तर मंडईतून फोन करा, स्कूटरवरून न्यायला येतो. साडी माझ्याकडूनच घ्या असं नाही, चार दुकानं फिरा, पदर उलटा करून बघा.

बी-२०२: मीपण येते गं तुझ्याबरोबर. फॉलचा रंग साडीला लावूनच बघितलेला बरा.

बी-४०४: चालेल काकू. ४ वाजता गेटपाशी.