घरी विमान बांधतोय, आतून प्रायमर सगळीकडे मारायचा का?

गल्फकाठी:
नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनजवळ राहतो, गॅरेजमध्ये व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ या छोट्या विमानाचं किट उघडलंय, शेपटीपासून सुरुवात केलीये. समुद्र जवळच, हवा कायम दमट आणि खारी. पत्रा बहुतेक सगळा २०२४-टी३ अल्क्लॅड (२०२४ हा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा नंबर). इथले काही बिल्डर म्हणतात अल्क्लॅडला काहीच लावायची गरज नाही, काही म्हणतात प्रत्येक तुकड्याला इपॉक्सी प्रायमर मार. वजन वाढतं, वेळ तर विचारूच नका, पण एकदा पंख रिव्हेट करून बंद केले की आत हात जाणार नाही म्हणून आत्ताच ठरवायचंय. स्टीलच्या भागांचं काय करता तेही सांगा.

पत्रेवाला_ओझर:
अल्क्लॅड म्हणजे मधे २०२४ आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, पातळ पत्र्यात एका बाजूला जाडीच्या जेमतेम ५ टक्के. छोटा ओरखडा असेल तर हा थर स्वतः झिजून आतल्याला वाचवतो, पण कापलेली कड आणि ड्रिल केलेली भोकं उघडीच राहतात ना, आणि २०२४ मध्ये तांबं असल्यामुळे तो उघडा पडला की लवकर खराब होतो. खरा धोका मोकळ्या पत्र्याला नाही, जिथे पत्रा पत्र्यावर बसतो तिथे आहे, ओल शिरते आणि सुकत नाही. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत हवेत उडालं, तिथे पत्र्यांच्या जोडातला चिकटवलेला थर सुटला होता, आत खारी ओल गेली आणि रिव्हेटच्या भोकांपासून तडे वाढत गेले. तुमच्या हवेत मी तरी सगळे जोड, कडा, रिब (आतून आकार धरणाऱ्या फासळ्या) आणि बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू रिव्हेट करायच्या आधी नक्की रंगवेन. आणि पत्र्यावर शिसपेन्सिलीने रेघ मारू नका, ग्रॅफाइट राहिलं की तिथूनच खायला सुरुवात होते. बारीक मार्कर वापरा.

आरव्हीप्रेमी:
ओझरवाल्या काकांशी पूर्ण सहमत, फक्त प्रायमरपेक्षा तयारी महत्त्वाची हे ठासून सांगतो. मरून स्कॉच-ब्राइटने (घासायच्या पॅडने) हलकं घासायचं, तेलकटपणा काढायचा, मग नायट्राइल ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी टू-पार्ट इपॉक्सी मारायचा. स्टील वूल अजिबात नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. अलोडाइन (ॲल्युमिनियमवर संरक्षक थर देणारं रसायन) किंवा क्रोमेटवाला प्रायमर वापरणार असाल तर हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे कॅन्सरचा धोका आहे, चांगला रेस्पिरेटर हवाच, साधा कापडी मास्क चालणार नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर ते काम गॅरेजमध्ये करूच नका. हो, पेट्रोलच्या टाकीच्या आत मात्र प्रायमर नाही, तिथे सीलंटला स्वच्छ घासलेला पत्राच लागतो.

गल्फकाठी:
खूप उपयोग झाला दोघांचा. मुख्य स्पार (पंखाचा आतला कणा) सोनेरी ॲनोडाइझ होऊनच, म्हणजे वर संरक्षक ऑक्साइडचा थर घेऊनच आलाय, त्याला परत काही लागेल का? आणि स्टीलचं राहिलंच.

पत्रेवाला_ओझर:
स्पारला सगळीकडे नको, पण तुम्ही नवीन भोकं पाडाल तिथे ॲनोडायझिंग तुटतं, तेवढ्याला ब्रशने प्रायमर लावा. एलिव्हेटरचे (शेपटीच्या हलत्या आडव्या पात्याचे) हॉर्न, रडर पेडल वगैरे ४१३० स्टीलचे भाग पावडर कोटेड येतात, ड्रिल केल्यावर उघडं पडलेलं स्टील लगेच झाका. स्टीलची नळी असेल तर आतून रंगवून किंवा उकळलेलं जवसाचं तेल फिरवून निथळवा, टोकं बसल्यावर आत काहीच करता येत नाही. बोल्टवरचा कॅडमियमचा गंजरोधक मुलामा वायर ब्रशने काढू नका, स्टेनलेसच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पडद्याला) ॲल्युमिनियमचा अँगल लागतो तिथे मधे प्रायमर आणि सीलंट दोन्ही द्या.

आरव्हीप्रेमी:
अजून एक, पत्र्यावरचं प्लास्टिक कव्हर वर्षभर तसंच ठेवू नका, खाली ओल अडकून डाग पडतात. खालच्या भागातली पाणी जायची भोकं प्रायमरने बुजली नाहीत ना तेही बघा. उडायला लागल्यावर एसीएफ-५० सारखं गंजरोधक तेल फवारता येतं, पण ते रंगकाम झाल्यावरच, आधी मारलं तर रंग धरणार नाही.