गिऱ्हाइकाच्या डिस्कमध्ये लहान मुलांची अश्लील चित्रं सापडली, पोलिसांत जाताना काय सांभाळू? (मदत हवी आहे)

मंडळी, तालुक्याच्या गावी माझं लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ओळखीतले एक गृहस्थ बंद पडलेला लॅपटॉप ठेवून गेले, "फोटो तेवढे वाचव" म्हणाले. डिस्क मरायला टेकलेली. अशा वेळी आधी क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्यायचा असतो, तो माझ्या हार्डडिस्कवर घेतला आणि रिकव्हरी लावली. फाइल निघाली की सॉफ्टवेअर शेजारी तिचं छोटं चित्र दाखवतं. लग्नाचे, सहलीचे फोटो येता येता मधेच अशी चित्रं आली की मी रिकव्हरी तिथेच थांबवली. घरच्या पोराचे आंघोळीचे फोटो असतात तसला प्रकार नव्हता. कोपऱ्यात कुठल्याशा वेबसाइटचं नाव होतं.

कळवायचं हे नक्की. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेच्या भीतीने मी जाणार नाहीये. चित्रांतली ती मुलं कुठेतरी खरी आहेत, हे डोक्यातून जात नाही.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डिस्कमध्ये त्यांच्या फोनचा बॅकअपही आहे. एखाद्या ग्रुपवर आलेलं आपोआप उतरलं असेल तर? अमेरिकेत २०२१ मध्ये एका बापाने डॉक्टरांसाठी आपल्या आजारी मुलाचे फोटो काढले, गूगलने ते कळवले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं, तरी त्याचं गूगल खातं परत मिळालं नाही. इथे तर गाव लहान, आणि या गृहस्थांची मुलगी शाळेत जाते. खात्रीसाठी अजून फोल्डर उघडून बघू का? आणि माझ्या हार्डडिस्कवरच्या क्लोनचं काय करू? पुसला तर पुरावा जातो, ठेवला तर तेच साहित्य माझ्याकडे सापडतं. गृहस्थांचे फोन सुरू आहेत.

प्रतिसाद:

दादा, मी वकील आहे, पॉक्सोचे खटले चालवते. आता एकही फाइल उघडू नका. खरं-खोटं ठरवणं तपासाचं काम आहे, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. आपोआप उतरलं की मुद्दाम जमवलं, हे त्या डिस्कवरूनच कळू शकतं, म्हणून ती आहे तशी राहणं त्या गृहस्थांच्याही हिताचं आहे. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, कलम १९(७).

क्लोन पुसू नका. कधी, कशासाठी घेतला ते तक्रारीतच लिहा आणि जॉब कार्डाची (दुरुस्तीला घेतल्याच्या नोंदीची) प्रत जोडा. लपवलात तरच तुमच्यावर संशय येईल. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते, पण वस्तू तुमच्या टेबलावर असताना थेट ठाण्यात गेलेलं बरं. लॅपटॉप आणि हार्डडिस्क पिशवीत घालून नेऊ नका. दुकानात येऊन पंचनामा करून जप्त करा म्हणावं. माहितीची लेखी नोंद करून तिला क्रमांक देणं पोलिसांवर बंधनकारक आहे, तो मागून घ्या.

मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून कोणालाही पाठवू नका, पोलिसांनाही नाही. चित्र पुढे पाठवणं हाच वेगळा गुन्हा आहे. शेजारच्या दुकानदारालाही काही बोलू नका, त्या मुलीचं शाळेत जाणं त्यावर अवलंबून आहे.

त्यांचा फोन आला तर "काम झालेलं नाही" एवढंच सांगा, ते खरंच आहे. आणि आजच ठाण्यात जा.