मदत हवी आहे: ईरी कॅनॉलच्या लॉकचं मॉडेल गळतंय

लेकीला शाळेत प्रोजेक्ट आहे, अमेरिकेतल्या ईरी कॅनॉलमुळे (न्यूयॉर्क राज्यातला बोटींचा कालवा) लोकांचं जगणं कसं बदललं. १८२५ ला सुरू झाला, ऑल्बनी ते बफेलो ३६३ मैल, खोली जेमतेम ४ फूट आणि काठावरून खेचरं दोराने बोट ओढत चालायची, मालाचं भाडं टनामागे १०० डॉलरवरून १० च्या आसपास आलं मग आतल्या शेतकऱ्याचा गहू न्यूयॉर्कला जायला लागला, एवढं लिहून झालंय. अडलंय ते लॉकच्या मॉडेलवर (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारा दारांचा हौद). दोन्ही दारं कोनात, टोक वरच्या पाण्याकडे, म्हणजे पाण्याच्या दाबानेच घट्ट मिटतात, पण आमची पुठ्ठ्याची दारं फुगली आणि अख्खा ओटा ओला 😅 फोमशीट चालेल का? कुणी केलंय का असलं काही? सोमवारी द्यायचंय.