भर उन्हातल्या लॉनसाठी हरळीच बरी
भर उन्हात लॉनला कुठलं गवत लावावं या प्रश्नावर कोणीतरी सेंट ऑगस्टिन नावाचं गवत लावा म्हटलंय, पण ते थोडी सावली असेल तिथे जास्त कामाचं, त्याला पाणीही भरपूर लागतं. दिवसभर ऊन असेल तर सरळ बर्म्युडा घ्या, म्हणजे आपली हरळीच, तिची मुळं खोल जातात आणि पाणी तुटलं तर पिवळी पडते पण मरत नाही, पाणी मिळालं की पेराला हिरवा कोंब येतोच. फक्त सावलीत ती विरळ होते, आणि वाफ्यात घुसते म्हणून कडेला विटा खोल गाडा. झोयसिया हे आणखी एक लॉनचं गवत, दाट, मऊ, अनवाणी चालायला फार छान, पण पसरायला खूप वेळ घेतं. आणि प्लीज रोज शिंपडू नका, आठवड्यातून 2 दा पहाटे भरपूर द्या, मुळं आपोआप खाली जातात.