आजींना उचलायचं कसं? नागपुरात साध्या माणसाला आपत्तीचं प्रशिक्षण कुठे मिळतं?

अंबाझरीखालची
नमस्कार. मी एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे, वय ४७. अंबाझरी लेआउटजवळच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. एवढं सांगितल्यावर नागपूरकरांना पुढचं कळलंच असेल. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट, अंबाझरी तलाव ओसंडला तो पूर.

आमच्याकडे पाणी दारातून नाही आलं आधी. न्हाणीतल्या जाळीतून आलं. गुडगुड आवाजाने जाग आली, मोबाईल पाहिला तर तीनला दहा कमी. पाऊण तासात फ्रिज आडवा होऊन हॉलमध्ये फिरत होता आणि वरच्या फळीवरचे मुलाचे दहावीचे गाईड तेवढे कोरडे होते. जे कोरडं राहायला हवं ते कधीच राहत नाही.

पण मला विचारायचं आहे ते वेगळंच. समोरच्या ब्लॉकमध्ये आजी राहतात, तेव्हा ७९ च्या, गुडघे पार गेलेले. त्यांना पहिल्या मजल्यावर न्यायचं होतं. माझा मुलगा एका बाजूला, वरचे काका दुसऱ्या बाजूला, मी पाय धरले. चौथ्या पायरीवर मुलगा घसरला आणि सावरताना त्याने आजींचा दंड धरून ओढला. त्या अशा ओरडल्या की अजून ऐकू येतं. खांदा निखळला होता. दुपारी रबरी बोटीतून त्यांना बाहेर काढलं, दवाखाना झाला, सगळं झालं. पण आजही वेणी घालायला तो हात वर जात नाही. आजी एका शब्दाने बोलल्या नाहीत. सून मात्र एकदा बोलली, "पाण्यानं काही नाही केलं त्यांना, तुम्हीच केलं." खोटं काय आहे त्यात?

तर शिकायचं आहे. बिल्डिंगमधले आणि गल्लीतले मिळून दहा-बारा जण रविवारी यायला तयार आहेत. नेटवर शोधलं की अमेरिकेतल्या होमलँड सिक्युरिटीच्या पदव्या, ऑनलाइन एमबीए, असलं येतं. गावात राष्ट्रीय पातळीच्या दोन संस्था आहेत म्हणतात, त्यांच्या गेटवरून मी वर्षानुवर्षं गेले आहे. आत आमच्यासारख्यांना कोणी घेतं का?

जाता जाता, मुलगा आता २० चा आहे. त्या रात्रीपासून त्याने फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा करायचं डोक्यात घेतलंय. सहा महिने, फी ५८ हजार. नोकरीची शंभर टक्के हमी लिहिलेली आहे पत्रकावर. काय करावं?

सदरचा_पोट्टा
ताई, आधी नंबर सेव्ह करून ठेवा. ११२ सगळ्यासाठी, १०१ फायर, १०८ अँब्युलन्स, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती कंट्रोल रूम. बाकी ट्रेनिंग वगैरे कलेक्टर ऑफिसात विचारा, सिव्हिल लाइन्स.

अंबाझरीखालची
नंबर होते हो भाऊ. त्या रात्री लागत नव्हते. पाणी चढत होतं तेव्हा आम्ही तिघंच होतो.

जुना_लीडिंग_फायरमन
ताई, बरोबर बोलल्या. पहिला अर्धा-एक तास शेजाऱ्याचाच असतो. गाडी निघाली तरी पोचायला रस्ता पाहिजे, आणि त्या रात्री रस्ताच नाला झाला होता. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, वरून तलाव ओसंडलेला. मी तेव्हा रिटायर होऊन घरी होतो, खिडकीत उभा राहून हात चोळत.

तुमच्या दोन संस्थांचं आधी सांगतो. एक राजनगरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. ते १९५६ ला उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. तिथे देशभरचे सब-ऑफिसर, डिव्हिजनल ऑफिसर घडतात, फायर इंजिनिअरिंगची पदवीही आहे. दुसरं सिव्हिल लाइन्सचं नागरी संरक्षण महाविद्यालय. १९५७ ला निघालं तेव्हा त्याचं नाव आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था असं होतं, १९६८ ला नागरी संरक्षण झालं, आता ते एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, अकादमीत गेलं आहे. सुरादेवीकडे त्यांचा नवीन कॅम्पस. दोन्हीकडे शिकवणारे एक नंबर. पण बहुतेक कोर्सना खात्याकडून, संस्थेकडून नाव जावं लागतं. तुम्ही रविवारी बारा जण घेऊन गेटवर उभ्या राहिल्या तर चौकीदार चहा विचारेल, बस्स.

तुम्हाला जमेल ते असं. जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. 'आपदा मित्र' नावाची योजना त्यांच्यामार्फत चालते. बारा दिवसांचं ट्रेनिंग, वर किट. पण वय १८ ते ४०, म्हणजे तुम्ही बाद, पोरगा पात्र. तो कॉलेजात एनएसएस किंवा एनसीसीत असेल तर त्यांच्यासाठी 'युवा आपदा मित्र' वेगळी आहे. पुढची बॅच कधी, ते तिथेच जाऊन विचारा. फोनवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हेच उत्तर येतं, मी स्वतः कितीदा दिलं आहे ते.

तुमच्या रविवारच्या टोळीसाठी जवळच्या फायर स्टेशनला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. १४ एप्रिलच्या आठवड्यात देऊ नका. १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात आमचे लोक गेले, म्हणून तो आठवडा अग्निशमन सप्ताह. तेव्हा सगळ्या शाळा-मॉलमध्ये आमची पोरं पळत असतात, तुमच्या वाट्याला वीस मिनिटं येतील. जून लागायच्या आधी किंवा दिवाळीनंतर बोलवा. आणि सिलिंडरचं प्रात्यक्षिक दाखवून निघाले तर गाडीसमोर उभं राहून सांगा, आम्हाला माणूस उचलायला शिकवा. फायर एक्स्टिंग्विशर दाखवणं सोपं असतं, धूर निघतो, फोटो छान येतो.

आता आजी. तुम्ही लिहिलं त्यात चूक कुठे झाली ते दिसतं. तीन माणसं, तिघांचे तीन ताल, हुकूम कोणाचाच नाही. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, उचलणाऱ्यांत एकच बोलेल. "तयार? उचला." दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला बगलेतून, दंडातून ओढायचं नाही, कधीच. खुर्ची घ्या. लाकडी किंवा लोखंडी, प्लास्टिकची नको, फोल्डिंगची तर नकोच नको. आजींना बसवा, चादरीने पोटाशी आणि पोटऱ्यांशी बांधा, त्यांचे हात मांडीवर. एक जण मागून पाठ धरेल, दुसरा समोरून पुढचे पाय. खुर्ची थोडी मागे कलती करायची. वर चढताना पाठीकडचा माणूस आधी, म्हणजे आजींचं तोंड खालच्या बाजूला राहील. तिसरा मोकळा, त्याने फक्त पायऱ्या मोजायच्या आणि समोरच्याच्या कमरेला हात लावून ठेवायचा. गुडघ्यातून उठायचं, कमरेतून नाही. खुर्ची नसेल तर चार हातांची बैठक. आपापलं डावं मनगट उजव्या हाताने धरायचं आणि मोकळ्या डाव्या हाताने समोरच्याचं उजवं. चौकोन होतो, त्यावर माणूस बसतो.

आणखी एक, यासाठी कोणत्याही कोर्सची गरज नाही. न्हाणीतून पाणी उलटं आलं की फ्रिजकडे पाहू नका. पाय कोरडे आहेत तोवर मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहिल्यावर बोर्डाला हात लावायचा नाही. गॅसचं रेग्युलेटर काढा, सिलिंडर बांधा, भरलेलासुद्धा तरंगतो आणि धडका मारत फिरतो.

भूलवाली_डॉक्टर
काकांचं सगळं मान्य, एक सोडून. चार हातांच्या बैठकीत बसणाऱ्याला दोन्ही हात उचलणाऱ्यांच्या खांद्यांवर टाकावे लागतात. या आजींचा हात आता वर जात नाही. त्यांच्यासाठी खुर्चीच.

ताई, सोबत सीपीआर घ्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं. भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत बसवली आहे, तोंडाने श्वास द्यावा लागत नाही, त्यामुळे लोक लाजत नाहीत. मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल. वाचायला सोपं आहे, पुतळ्यावर दोन मिनिटं करून पाहा, घाम फुटतो. प्रमाणपत्रासकट पूर्ण प्रथमोपचार हवा असेल तर सेंट जॉन अँब्युलन्सचा कोर्स आहे, त्याला वयाची अडचण येणार नाही. उन्हाळ्यात उष्माघातही शिकून घ्या, आपल्याकडे त्याने जास्त माणसं जवळून पाहिली आहेत मी.

५८_हजारवाला_मीच
मुलाच्या डिप्लोमाबद्दल. मी केला आहे, बुटीबोरीजवळच्या एका कारखान्यात सेफ्टी स्टुअर्ड म्हणून आहे, कंत्राटी. ज्या संस्थेतून केला तिचं नाव घेत नाही. सहा महिन्यांत पाण्याचा होज चारदा हातात आला, त्यातला एकदा फोटोसाठी. हमीची नोकरी म्हणजे एका मॉलच्या गेटवर उभं राहणं निघालं. मग महापालिकेची फायरमनची भरती निघाली, फॉर्म भरायला बसलो तर अर्हतेच्या ओळीत राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागितलेला. माझा चालला नाही.

त्याला सांगा, पत्रक वाचू नको, भरतीची जुनी जाहिरात शोध आणि शैक्षणिक अर्हतेची ओळ वाच. त्यात ज्या कोर्सचं नाव आहे तोच कर. मुंबईचं केंद्र किंवा आपलं राजनगरचं, राजनगरच्या सब-ऑफिसर कोर्सला प्रवेश परीक्षा असते. खाजगी कंपनीत सेफ्टीतच जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ५८ हजार देण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोघांना भेटू दे. संस्थेने दिलेल्या नंबरवर नाही, स्वतः शोधून.

महालातून_सॅन_होजे
ताईंनी होमलँड सिक्युरिटीचं लिहिलं म्हणून सांगतो. इथे त्या खात्याखाली फेमा ही आपत्ती व्यवस्थापनाची सरकारी संस्था येते, आणि त्यांच्या पदव्या-बिदव्या सोडा, खरी कामाची गोष्ट 'सर्ट' आहे. गल्लीतल्या लोकांची टीम. १९८५ ला लॉस एंजेलिसच्या फायर डिपार्टमेंटने सुरू केली, १९९३ पासून फेमाने देशभर नेली. १९८५च्याच मेक्सिको सिटीच्या भूकंपाची गोष्ट आम्हाला पहिल्याच तासाला सांगितली. शेजाऱ्यांनी, रस्त्यावरच्या लोकांनी आठशेच्या वर माणसं ढिगाऱ्यातून काढली, पण काढताना त्यांच्यातलेच शंभर जण गेले. कोणी शिकवलेलंच नव्हतं. तुमच्या आजींच्या खांद्याबद्दल इथे वाचलं आणि मला ते आठवलं.

माझा कोर्स वीस तासांचा होता, संध्याकाळी, फुकट. शेवटी हिरवं हेल्मेट आणि जॅकेट. माझ्या टीममध्ये ७१ वर्षांची एक बाई आहे, ती काहीच उचलत नाही. वही घेऊन बसते, कोण कुठे गेलं, किती वाजता परत आलं ते लिहिते. चौकात तिचंच चालतं.

अंबाझरीखालची
सगळ्यांचे आभार. उशीर झाला कळवायला.

फायर स्टेशनला पत्र दिलं, तिसऱ्या खेपेला तारीख मिळाली. दोघं जण आले. सिलिंडरचं प्रात्यक्षिक झालं, फोटो झाले, आणि मी फायरमन काकांनी सांगितल्यासारखं गाडीसमोर उभी राहिले. त्यातला वयाने मोठा होता तो हसला, म्हणाला, "आणा खुर्ची." लाकडी खुर्ची तळमजल्यावर एकाही घरात निघाली नाही, सगळी पुरात फुगून गेली, नंतर सगळ्यांनी प्लास्टिकच्याच घेतल्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरून आणली.

पहिल्यांदा मला बसवलं. मुलगा मागे, वरचे काका समोर. मुलाने "उचला" म्हटलं आणि काकांनी त्याच वेळी "थांब" म्हटलं. परत. पाचव्या वेळेला जमलं.

तेवढ्यात आजी वॉकर घेऊन दारात आल्या होत्या. सून म्हणत होती, आई, आत चला. आजी म्हणाल्या, "तिला बसवून काय करता, ती चालू शकते. मला बसवा." सगळे गप्प. सुनेनेच मग घरातून चादर आणली आणि स्वतः बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. पायऱ्या तिनेच मोजल्या. सोळा आहेत. आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

वर पोचल्यावर आजी म्हणाल्या, आता खाली कसं नेता ते दाखवा. ते अजून नीट जमत नाही. पुढच्या रविवारी परत आहोत.

मुलगा कलेक्टर ऑफिसला जाऊन नाव देऊन आला. डिप्लोमाचं पत्रक फ्रिजवर लावलेलं होतं ते काढलं आहे, फेकलं नाही.