कामेटला वरच्या कॅम्पवर शेर्पा न्यायचे की नाही?

आडवाट:
आमच्या क्लबने पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या गढवालमधलं कामेट शिखर करायचं नक्की केलंय. उंची ७७५६ मीटर, मीड्स कोल या खिंडीवरून जाणारी जुनी वाट. सहा जणांचा गट आहे. सगळ्यांचे बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स झालेत, सहाहजारी शिखरं झालीत, दोघं सातहजारीवर जाऊन आलेत. बेस कॅम्पपर्यंत खेचरं आणि पोर्टर असतीलच. त्याच्या वर मात्र पगारी माणूस एकही नको, असं माझं ठाम मत आहे. यावरून क्लबात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

हल्ली मोहीम म्हणजे एजन्सीला पैसे भरायचे आणि दुसऱ्याने लावलेल्या दोरात जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी दातेरी पकड) अडकवून वर जायचं, असं झालंय. नेपाळने एव्हरेस्टचा परवाना १५ हजार डॉलर केला तरी तिथली गर्दी हटत नाही. कामेटवर ती गर्दी नाही. नंदादेवीचं अभयारण्य १९८३ पासून बंद आहे, त्यामुळे गढवालमध्ये आपल्याला जाता येईल असं सगळ्यात उंच शिखर हेच. २००८ मध्ये काझुया हिराइदे आणि केइ तानिगुची या दोघांनीच त्याची आग्नेय भिंत चढली. आपली ती कुवत नाही, मान्य. पण जुन्या वाटेवर स्वतःचं ओझं स्वतः वाहायला आणि स्वतःचा दोर स्वतः लावायला काय हरकत आहे? सह्याद्रीत कातळावर आघाडी घेणारी आपली मुलं हिमालयात गेली की शेर्पाच्या मागे का उभी राहतात?

रानवारा:
दादा, तळमळ पोहोचली, पण पूर्ण विरोध. कामेटचा इतिहासच तुमच्या विरोधात जातो. १९३१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथच्या मोहिमेने हे शिखर पहिल्यांदा चढलं, तेव्हा २१ जूनला माथ्यावर पहिलं पाऊल लेवा शेर्पाचं पडलं. बाकीच्यांनी त्याला मुद्दाम पुढे केलं, कारण पोर्टरांशिवाय आपण इथवर आलोच नसतो हे त्यांना माहीत होतं. दोन दिवसांनी दुसरी तुकडी पोहोचली, तिच्यात गढवालचा केसरसिंग होता. म्हणजे या डोंगरावर पहिल्या दिवसापासून पहाडी माणूस बरोबरीने आहे. त्याला 'पगारी' म्हणून बाजूला काढणं मला पटत नाही.

आता हिशोबाचं बोलू. कॅम्प तीन आणि चारच्या मधला कडा म्हणजे जवळपास तीनशे मीटरचा बर्फ आणि खडक. तिथे दोर लावायचा, मग त्याच दोरावरून तंबू, गॅस आणि शिधा वाहायचा. सहा माणसं इथेच पिळून निघतील. वर मीड्स कोल सात हजारांच्या पुढे, आणि तिथून माथा अजून सहाशेहून जास्त मीटर. लोड फेऱ्या मारून थकलेली माणसं तिथून माथ्यावर जाणार आणि परत येणार?

पायवाट_७२:
आडवाटशी सहमत. थकण्याचं म्हणाल तर वर-खाली फेऱ्या मारूनच शरीर उंचीला सरावतं. शेर्पा ओझं वाहतो तेव्हा आपण बेसला पत्ते कुटतो आणि मग थेट वर जाऊन आडवे होतो, हे पाहिलंय. दोर लावता येत नसेल तर तो तुटल्यावर उतरता तरी कसं येणार?

एक बारीक गोष्ट. त्या उंचीवर जुमारच्या दातांत बर्फ भरतो. बाहेरून दात दोराला धरलेले दिसतात, पण वजन टाकलं की जुमार सरकतो. ज्याने स्वतः दोर लावलाय तो दर थोड्या वेळाने थांबून दात टूथब्रशने साफ करतो. आयत्या दोरावर चढणाऱ्याला हे सांगावं लागतं.

डॉ_हिमगौरी:
मी डॉक्टर आहे आणि मोहिमांबरोबर जाते. माझा आक्षेप रानवारापेक्षा वेगळा आहे. शेर्पा असो वा नसो, माणूस आजारी पडल्यावर काय करायचं हे तुमच्या योजनेत कुठे आहे?

मीड्स कोलवर एकाच्या मेंदूला सूज आली असं धरा. त्याला चालता येत नाही. सूज कमी करणारं डेक्सामेथासोन द्याल, पण खरा उपचार एकच, खाली आणणं. तीनशे मीटरच्या कड्यावरून न चालणारा माणूस उतरवायला किमान चार धडधाकट माणसं लागतात. सहातला एक आजारी, एक त्याच्यासोबत थांबून गारठलेला, उरले चार. तेही माथ्यावरून नुकतेच परतलेले. हेलिकॉप्टर कोलवर येईल हे गृहीत धरून तर नियोजन करताच येत नाही. इरिडियम-थुराया हे सॅटेलाइट फोन आपल्याकडे बंद आहेत, परवान्याचा इनमारसॅट मिळाला तरच खालपर्यंत निरोप. नाहीतर वॉकीटॉकीवरून बेस, आणि बेसवरून पायी नीती गावापर्यंत माणूस.

मी तर म्हणते, कॅम्प दोनपासून रोज सकाळी तंबूबाहेर प्रत्येकाला सरळ रेषेत टाच-बोट जोडून दहा पावलं चालायला लावा. जो डगमगला तो त्या दिवशी खाली, मग तो लीडर का असेना. हे आधी लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा. वर गेल्यावर कुणीच ऐकत नाही.

आडवाट:
डॉक्टर, चार माणसांचा हिशोब तुम्ही मांडलात तसा आम्ही मांडला नव्हता. त्यावर उत्तर असं की दोन जण कॅम्प चारवर राखीव राहतील. ते माथ्याला जाणार नाहीत, हे घरूनच ठरलेलं असेल. माथ्यावर चारच. इनमारसॅटचा अर्ज आणि आयएमएफची (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन) परवानगी दोन्ही सोबतच लावू.

रानवारा, लेवाबद्दल मला आदरच आहे. पण लेवा शिखरावरून उतरला तो हिमदंशाने जायबंदी होऊन. आपल्या हौसेसाठी दुसऱ्याच्या पायाची बोटं पणाला लावू नयेत, हाही माझा एक मुद्दा आहे, आणि तो कमी महत्त्वाचा नाही.

रानवारा:
हा मुद्दा वजनदार आहे. पण मग त्याला चांगले बूट, तुमच्यासारखाच विमा आणि 'नाही' म्हणायचा हक्क द्या. त्याची रोजीरोटी काढून घेणं हे त्यावरचं उत्तर कसं? आणि राखीव दोघं माथा सोडतील हे घरी बसून म्हणणं सोपं आहे. समोर कामेट स्वच्छ दिसत असताना त्या दोघांना धरून कोण ठेवणार?

देहरादूनकर:
नोकरीमुळे इकडे असतो, नीती खोऱ्यात जाणं-येणं आहे. वरच्या गावातले लोक थंडीत खाली उतरतात आणि उन्हाळा लागला की परत येतात. मेच्या सुरुवातीला पोर्टर मिळतील असं धरून चालू नका, आधी गावात जाऊन बोला. दार्जिलिंगहून शेर्पा आणण्याआधी याच खोऱ्यातल्या, उत्तरकाशीच्या एनआयएममधून (नेहरू गिर्यारोहण संस्था) कोर्स केलेल्या पोरांना विचारा. केसरसिंग याच मुलखातला.

दुसरं, तारखा. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इकडे मान्सून लागतो. स्माइथ २१ जूनला चढला म्हणून त्या तारखेवर बेत आखू नका. माथ्याचा प्रयत्न ५ ते १२ जूनच्या दरम्यान बसवा आणि मागे आठवडा मोकळा ठेवा. जोशीमठ-मलारी रस्त्याचा भरवसा नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ऋषीगंगेच्या पुरात रैणीचा पूल गेला तेव्हा वरची गावं तुटली होती. परतीची रेल्वे तिकिटं काढून त्या तारखेसाठी घाई करणारे गट मी पाहिलेत. त्याची जास्त भीती वाटते मला, शेर्पा आहेत की नाहीत यापेक्षा.

आडवाट:
तारखा मान्य, तिकिटं काढत नाही. खोऱ्यातल्या दोघांना कड्याच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे कॅम्प तीनपर्यंत, गटातले सभासद म्हणून घ्यायचा प्रस्ताव क्लबपुढे ठेवतो. विमा आणि साहित्य आमच्यासारखंच. कड्यावरचा दोर मात्र आम्हीच लावणार, त्यावरून मी हटत नाही.

डॉ_हिमगौरी:
मग त्या दोघांनाही राखीव तुकडीत धरा, आणि राखीव तुकडी कॅम्प चारवरच ठेवा. आजारी माणूस कड्याच्या वर असणार, मदत पायथ्याशी ठेवून काय उपयोग?