घरी पहिल्यांदाच मर्डर मिस्टरी पार्टी ठेवतेय, सल्ला हवा आहे

शर्वरी_ठाणे
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस आहे. त्याला शाळेपासून रहस्यकथांचं वेड, म्हणून हॉटेलात जेवायला न जाता घरीच हा खेळ करायचा ठरवलंय : पाहुणे एकेक पात्र होतात आणि खोट्या खुनाचा तपास करून आपल्यातला खुनी शोधतात. माणसं नऊ : आम्ही दोघं, त्याचे तीन मित्र, त्यातल्या दोघांच्या बायका, नणंद आणि सासूबाई. घर दोन बेडरूमचं.

एक तयार संच विकत घेतला होता. चाळीस पानं इंग्रजी, इंग्लंडमधली हवेली, उमराव, बटलर. भाषांतर करायला बसले आणि दोन पानांतच लक्षात आलं, आमच्यातलं कुणी असं बोलणारच नाही. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना बाजूला बसवून ठेवायचं नाहीये. एक मित्र चारचौघांत तोंड उघडत नाही. स्वतः लिहिणं जमेल का? खुन्याला तो खुनी आहे हे आधी सांगायचं का? जेवण कधी वाढायचं?

घाटवाट
शर्वरीताई, स्वतःच लिहा. मी चार वेळा लिहिलंय. रोज तासभर बसलात तर दहा-बारा दिवसांत होतं.

खून किती अवघड करता येईल हा विचार आधी सोडून द्या. कोडं सोपं असलं तरी लोकांना आवडतं, नुसतं बसून राहायला लागलं की कंटाळतात. आठ माणसांना अडीच-तीन तास एकमेकांशी बोलायला कारण हवं, ते तुम्ही पुरवायचं. त्यासाठी प्रत्येक पात्राला एक गुपित द्या आणि ते गुपित दुसऱ्या कुणाला तरी अर्धं ठाऊक असू द्या. मग माणसं आपोआप एकमेकांना गाठून कोपऱ्यात नेतात.

माझा सगळ्यात रंगलेला खेळ डेक्कन क्वीनमधला. काळ १९६५, संध्याकाळी मुंबईहून निघालेली गाडी, डायनिंग कार. ही गाडी १ जून १९३० पासून धावतेय, त्यामुळे काळ मागेपुढे करायचा तर भरपूर जागा आहे. घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात म्हणून गाडी कर्जतला थांबते. तिथून लोणावळा साधारण २८ किलोमीटर, चढ १ : ३७, बोगद्यामागून बोगदा. माझ्या खेळातला नाटक कंपनीचा मालक कर्जतला जिवंत असतो आणि लोणावळ्याला मेलेला सापडतो. खुनाची वेळ आपोआप बांधली गेली, जागा बंद झाली, बाहेरच्या माणसावर संशय ढकलायची सोय राहिली नाही. इंग्लंडची हवेली जे काम करते तेच आपला घाट करतो.

पुरावेही तिथलेच. एक पात्र सांगतं, मी कर्जतला जागेवरून हललोच नाही. त्याच्या पिशवीत निघतो वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा आणि त्यावर लसणाची लाल चटणी. कर्जतचा वडा खाल्लेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

निळी_शाई
पण घाटवाट, वडेवाला खिडकीशी येतो की! जागेवर बसूनही वडा मिळतो.

घाटवाट
बरोबर, माझ्याकडे नेमकं हेच झालं. आमच्या आत्याने हाच मुद्दा काढला आणि तो पुरावा तिथेच बाद. म्हणून शर्वरीताई, हे वहीत लिहून ठेवा : महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीला तीन पुरावे. एक कुणाच्या लक्षातच येत नाही, एकाचा भलताच अर्थ लावला जातो, तिसरा कामाला येतो. वड्याबरोबर मी फलाटावरच्या वजनाच्या यंत्राचं तिकीट ठेवलं होतं आणि हमालाने त्याला खाली उतरलेलं पाहिलं होतं, म्हणून खेळ वाचला.

आता लखोटे. प्रत्येकाला तीन. पहिला चार दिवस आधी : तुम्ही कोण, मृताशी नातं काय, गुपित काय, कपडे कसे. दुसरा प्रेत सापडल्यावर, तिसरा त्यानंतर पाऊण तासाने. एका लखोट्यात एकच पान, सासूबाईंचं मोठ्या अक्षरात. खुन्याला पहिल्याच लखोट्यात सांगून टाका. पहिल्यांदा खेळणाऱ्याला शेवटी सांगितलं तर 'अरे, मी आधी वेगळंच बोलून बसलो' असं होतं आणि सगळं कोसळतं. नियम एकच : खोटं फक्त खुनी बोलू शकतो. बाकीच्यांनी टाळाटाळ करावी, पण थेट विचारलं तर लखोट्यातलं खरं सांगावं.

आणि पाहुण्यांपैकी कुणाला मारू नका. ज्याला मारलं तो उरलेली संध्याकाळ काय करणार? मृत माणूस फोटोतच असू द्या. तुम्ही गार्ड व्हा, म्हणजे सूत्रं हातात राहतात.

पानसुपारी
घाटवाटांच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. माफिया नावाचा खेळ (१९८६ साली मॉस्कोत एका मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढलेला) आमच्याकडे नेहमी होतो आणि पहिल्या फेरीत बाद झालेला माणूस कायम मोबाइल काढून बसतो.

जेवणाचं : ताटं मांडू नका. माणसं पंगतीला बसली की तपास थांबतो तो थांबतोच. डायनिंग कार आहे तर कटलेट, चीज टोस्ट, थर्मासमधला चहा, सगळं हातात घेऊन फिरता येईल असं. मसालेभात, मठ्ठा आणि केक खुनी सापडल्यावर. विषाची बाटली दाखवायची असेल तर ती स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि आत काहीही भरू नका, साधं पाणीसुद्धा.

सोसायटी_सचिव
छोटी पण अनुभवाची गोष्ट. वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या इमारतीत रात्री नऊला 'खून, खून' असा ओरडा झाला आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा जिने उतरून धावत आले. त्यांना बराच वेळ धाप लागली होती. सुरी पुठ्ठ्याचीच.

निळी_शाई
न बोलणाऱ्या मित्राबद्दल कुणीच लिहिलं नाही. त्याला तिकीट तपासनीस करा. कुणाची जागा कोणती, कर्जतनंतर कोण कुठे दिसलं, हे फक्त त्याच्या वहीत. त्याने उठून बोलायची गरज नाही, सगळे त्याच्याकडे येतील. माझा धाकटा भाऊ असाच आहे, म्हणून कळकळीने सांगतेय : अशा माणसाला 'बोल ना रे' म्हणू नका, त्याच्याकडे लोकांना हवं असलेलं काहीतरी द्या.

आणि सगळं लिहून झाल्यावर पार्टीला न येणाऱ्या एका व्यक्तीला सगळे लखोटे वाचायला द्या. तिला खुनी सापडला नाही तर पुरावे कमी आहेत. कार्डशीटवर तक्ता करा : उभी पात्रं, आडवी ठिकाणं, प्रत्येक चौकटीत कोण कुठे होतं. चूक तिथेच दिसते. माझ्या पहिल्या खेळात एक बाई एकाच वेळी दोन डब्यांत होती.

रानमेवा
लहान मुलं येणार असतील तर खुनाऐवजी चोरी ठेवा. आम्ही गणपतीत नैवेद्याचे मोदक पळवले होते. सात वर्षांचा भाचा नारळाच्या चवाचा माग काढत गच्चीपर्यंत गेला.

शर्वरी_ठाणे
मंडळी, काल झाली पार्टी! तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार.

डेक्कन क्वीनच घेतली. दिवाणखाना डायनिंग कार, आतली खोली पहिला वर्ग, पॅसेज म्हणजे दोन डब्यांमधली जागा. बोगदा आला की मी शिट्टी वाजवून दिवे घालवायचे. पहिली वीस मिनिटं सगळे अवघडलेले होते, मला वाटलं फसलं. दुसरे लखोटे उघडले आणि एकदम आवाज चढले. तपासनिसाच्या वहीसाठी रांग लागली. तो मित्र शेवटी स्वतःहून म्हणाला, 'थांबा, सात नंबरची जागा खंडाळ्याला रिकामी होती.' त्याच्या बायकोने माझा हात घट्ट धरला.

खुनी सासूबाई होत्या, कंपनीतल्या जुन्या नायिका. मी विचारलं तेव्हा आधी नको म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी स्वतःच लखोटा मागून घेतला आणि चार दिवस दुपारी दार लावून पाठ करत होत्या. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा नऊवारी नेसलेल्या त्या बाईवर संशय घेणारा एकच निघाला, त्यांचा मुलगा. कसं ओळखलंस विचारलं तर म्हणाला, आई इतकं शांत फक्त काहीतरी लपवतानाच बोलते.

आता एक अडचण आहे. त्यांना हाच खेळ त्यांच्या भजनी मंडळासाठी हवाय. बारा जणी आहेत. झेपेल का?

घाटवाट
एका खोलीत बारा नको, कुणाचंच कुणाला ऐकू येणार नाही. सहा-सहा जणींचे दोन डबे करा आणि प्रत्येक डब्याकडे अर्धेच पुरावे द्या. आणि सासूबाईंना या वेळी गार्ड करा.